संघातली जागा

कोल्हापूरच्या क्रीडावैभवाची यादी करायला बसले की एक गोष्ट चटकन लक्षात येते. या यादीतील बहुतेक मोठी नावे एकेकट्याने खेळायच्या खेळांतील आहेत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव मूळचे कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकले ते आमच्या राजाराम कॉलेजात. २०१० मध्ये नेमबाजीत विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी राही सरनोबत, जलतरणपटू वीरधवल खाडे आणि २०२४ मध्ये पॅरिसहून नेमबाजीचे कांस्यपदक घेऊन आलेला राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ही सारी माणसे कुस्तीच्या हौद्यात, पाण्यात किंवा लक्ष्यासमोर एकटी उभी राहिली. त्यांच्याविषयी मला निखळ अभिमान आहे. तरीही शाळेत गेली अनेक वर्षे गणित शिकवताना, आणि मुलींच्या संघाबरोबर एक शिक्षिका हवी म्हणून दर हंगामात मैदानावर जाताना, माझे लक्ष हळूहळू दुसऱ्याच मुलांकडे वळत गेले. ज्यांना पदक कधीच मिळणार नाही, ज्यांचे नाव जिल्हा पातळीपर्यंतही पोहोचणार नाही, पण जी संध्याकाळी पाच वाजता बूट घालून कुठल्यातरी संघात उभी राहतात, त्या मुलांच्या मनाचे काय होते, हा प्रश्न मला पदकांहून महत्त्वाचा वाटू लागला आहे.

या प्रश्नाला धरून २०२२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीतील मॅट हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ ते १३ वर्षे वयाच्या ११,२३५ मुलांची माहिती तपासली. मुले कोणते खेळ खेळतात, आणि त्यांच्या वागण्यात चिंता, उदासी, एकलकोंडेपणा, लक्ष न लागणे अशा अडचणी किती दिसतात, हे त्यांनी पालकांनी दिलेल्या उत्तरांवरून ताडून पाहिले. कोणताच खेळ न खेळणाऱ्या मुलांच्या तुलनेत सांघिक खेळ खेळणाऱ्या मुलांमध्ये चिंता आणि उदासीचे गुणांक १० टक्क्यांनी, तर स्वतःला मिटून घेण्याचे गुणांक १९ टक्क्यांनी कमी आढळले. इतरांशी जुळवून घेण्यातील अडचणीही १७ टक्क्यांनी कमी होत्या. इथवर कुणाला नवल वाटणार नाही. नवल पुढच्या आकड्याचे आहे. केवळ वैयक्तिक खेळ खेळणाऱ्या मुलांमध्ये चिंता आणि उदासीचे गुणांक अजिबात न खेळणाऱ्या मुलांपेक्षाही १६ टक्क्यांनी जास्त निघाले.

हा आकडा हाती घेऊन कुणी आपल्या मुलाला तालमीतून किंवा नेमबाजीच्या रेंजवरून काढून आणू नये. अभ्यास अमेरिकेतील मुलांचा आहे, माहिती पालकांनी दिलेली आहे, आणि एकाच वेळी टिपलेल्या माहितीवरून कशामुळे काय झाले हे सांगता येत नाही. मुळातच मोकळे असलेले मूल संघात सहज जाते आणि माणसांत बुजणारे मूल एकट्याने खेळायचा खेळ निवडते, असेही असू शकेल. संशोधकांनी घरची परिस्थिती आणि एकूण शारीरिक हालचाल यांसारख्या गोष्टी हिशेबात धरल्या होत्या, तरी हा प्रश्न पुरता मिटत नाही. मला मात्र त्या आकड्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी वाटते. खेळाचा मनाला होणारा उपयोग केवळ घाम गाळण्यातून आला असता, तर पोहणाऱ्या आणि धावणाऱ्या मुलांनाही तो तेवढाच मिळायला हवा होता. म्हणजे व्यायामापलीकडचे काहीतरी संघात घडते, आणि ते काय आहे हे शोधल्याशिवाय मुलांना नुसते 'मैदानावर जा' म्हणून भागणार नाही.

या शोधात मला सर्वांत जास्त मदत तालमीनेच केली, हे मुद्दाम सांगायला हवे. कुस्ती हा कागदोपत्री वैयक्तिक खेळ, पण आपल्याकडे पैलवान घडतो तो कधीच एकटा घडत नाही. तालमीत राहणारी पोरे पहाटे एकत्र उठतात, आळीपाळीने हौद्याची माती उकरतात, एकमेकांच्या अंगाला तेल लावतात, खुराक एकत्र घेतात. जोर करताना, म्हणजे सरावाची कुस्ती धरताना, तयारीचा मल्ल नवशिक्याला मुद्दाम खेळवतो, त्याला डाव लावू देतो, पडू देतो, पुन्हा उभा करतो. खासबागेच्या मैदानात हजारो माणसांसमोर चितपट झालेला पोरगा संध्याकाळी पुन्हा त्याच तालमीत येतो, आणि तिथे त्याची वळकटी ठेवायची जागा कुणी दुसऱ्याला दिलेली नसते. उलट बाजूने पाहिले तर फुटबॉलसारख्या सांघिक खेळातही एखादे मूल पूर्ण एकटे असू शकते. त्याच्याकडे पास येत नाही, मधल्या सुटीत त्याच्याशी कुणी बोलत नाही, आणि आले नाही तरी कुणाच्या ध्यानात येत नाही. तेव्हा खरा फरक एका खेळाडूच्या आणि अकरा खेळाडूंच्या खेळात नाही. हरल्यानंतरही आपली जागा शाबूत आहे याची खात्री मुलाला आहे की नाही, यात तो फरक आहे.

कोल्हापुरात फुटबॉल याच तालमींच्या अंगणातून वाढला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे बाहेरच्या माणसाला क्लबांची वाटतात, पण त्यांतल्या बहुतेकांच्या मागे एक पेठ किंवा गल्ली असते, गणपती असतो, आणि कित्येक तालमींत मोहरमचे पंजेही बसतात. १९४० मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या स्पर्धा शाहू स्टेडियमवर सुरू झाल्या की शिवाजी पेठेतले आणि मंगळवार पेठेतले आठ-नऊ वर्षांचे मूलही 'आमची मॅच' असे म्हणते, जरी त्याला अजून चेंडू नीट मारता येत नसला तरी. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. परंतु मी पाहते ती पोरे गोलपोस्टमागे उभी राहून बाहेर गेलेले चेंडू आणून देणारी. त्यांना कुणी संघात निवडलेले नसते आणि तरी ती संघाची असतात. मोठी पोरे त्यांना नावाने हाक मारतात, पाण्याच्या बाटल्या भरायला पिटाळतात, खेळ संपल्यावर दहा मिनिटे त्यांनाही चेंडू देतात. आधी जागा आणि मग कसब, असा हा क्रम आहे. शाळेत आपण तो नेमका उलटा केला आहे, कारण तिथे कसब दाखवल्याशिवाय जागा मिळत नाही.

वयाच्या या टप्प्यावर जागा असणे इतके महत्त्वाचे का, हे वर्गात उभे राहणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील १० ते १९ वर्षे वयाच्या दर सात मुलांपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. भारतात २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील हे प्रमाण ७.३ टक्के आढळले. साठ मुलांच्या वर्गात हा हिशेब केला तर चार-पाच मुले होतात. या वयात घरच्यांचे शब्द दुय्यम होतात आणि बरोबरीच्या मुलांचे मत सर्वस्व वाटू लागते. आपण कुणाचे आहोत, आपल्यावाचून कुणाचे अडते का, हा प्रश्न बारा-तेरा वर्षांचे मूल बोलून दाखवत नाही, पण मनात सतत विचारत असते. निकाल, रूप, पैसा, मोबाईल यांच्या आधारावर मिळणारे उत्तर दर आठवड्याला बदलते. चांगल्या संघात मिळणारे उत्तर त्या मानाने स्थिर असते, कारण तिथे नावाबरोबर एक कामही मिळालेले असते: उजव्या बाजूचा डिफेन्स तुझा, डावा कोपरा तुझा, शेवटचा खांब तुझा.

आपल्या मातीतल्या खेळांचे नियम तर जणू हेच जाणून घडवलेले आहेत. कबड्डीत चढाईला गेलेला गडी पकडला गेला की बाद होऊन बाहेर बसतो, परंतु त्याचा खेळ तिथे संपत नाही. त्याच्या संघाने समोरचा एक गडी टिपला की बाहेर बसलेल्यांपैकी एक जण जिवंत होऊन मैदानात परततो, आणि तोही ज्या क्रमाने बाद झाला त्याच क्रमाने. या नियमाचा मुलाच्या मनाशी काय संबंध आहे, हे बाहेर बसलेल्या मुलांचे चेहरे पाहिल्याशिवाय कळत नाही. आपल्या चुकीने बाहेर गेलेला मुलगा रेषेबाहेर बसून दुसऱ्याच्या चढाईसाठी जीव टाकून ओरडत असतो, कारण त्याचे परत येणे आता त्या दुसऱ्याच्या हाती आहे, आणि तो दुसरा बहुतेक वेळा मघाशी याच्यामुळेच परत आलेला असतो. दुसऱ्याच्या यशाचा हेवा वाटू नये असे आम्ही वर्गात कितीही सांगितले तरी ते उपदेशच राहते. इथे मात्र मित्राला गुण मिळणे हीच आपल्या सुटकेची वाट असते, आणि मूल ते एका संध्याकाळी पाच-सहा वेळा अंगाने अनुभवते. खचलेल्या मनाची सर्वांत मोठी समजूत अशी असते की एकदा पडलो ते कायमचे पडलो. ही समजूत बोलून घालवणे किती कठीण असते, हे उदास मुलाशी बोलू पाहणाऱ्या प्रत्येक आईबापाला माहीत आहे.

खो-खोचेही तसेच आहे. आमच्या शाळेत सातवीत एक मुलगी दुसऱ्या गावाहून आली. हजेरीला 'उपस्थित' म्हणायचे तर तिचे ओठ हलत, पण आवाज ऐकू येत नसे. डबा ती एकटीच खाई. घरी काही मोठे दुःख घडून गेले होते. ते इथे सांगण्याची गरज नाही. खेळाच्या शिक्षकांनी तिला धावण्यात चपळ पाहून खो-खोच्या सरावाला बसवले. खो-खोत आठ खेळाडू एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून मैदानाच्या मधल्या पट्टीवरील चौकोनांत बसतात, आणि पाठलाग करणारी मुलगी मागून येऊन पाठीला हात लावत मोठ्याने 'खो' म्हणते. तो उच्चार स्पष्ट ऐकू आला नाही तर पंच चूक धरतात. म्हणजे त्या मुलीला बोलणे भाग होते, आणि तेही काय बोलावे याचा विचार न करता एकच अक्षर. पहिले कितीतरी दिवस तिच्यामुळे चुका पडत राहिल्या. बाकीच्या मुली चिडल्याही. मग कप्तान असलेल्या नववीतील मुलीने सरावाच्या सुरुवातीला सगळ्यांनी मैदानाच्या चार कोपऱ्यांत उभे राहून एकमेकींना जोरात 'खो' द्यायचा, असा खेळच काढला, आणि त्यात सगळ्या इतक्या हसत की कोण लाजते आहे हेच कुणाच्या लक्षात राहीना. ती मुलगी त्या वर्षी तालुक्याच्या पहिल्याच सामन्यात हरलेल्या संघात होती. पण दिवाळीनंतर ती डबा घेऊन इतर मुलींमध्ये बसू लागली, आणि मार्चमध्ये वर्गात तिने माझी फळ्यावरची बेरीज चुकली असे हात वर करून सांगितले.

एका मुलीवरून नियम काढता येत नाही, हे मी गणिताची शिक्षिका म्हणून जाणते. पण एकदा असे पाहिले की पुढच्या मुलीकडे पाहण्याची नजर बदलते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात प्रयाग चिखली, आंबेवाडी या गावांतली कुटुंबे शहरातल्या शाळांमध्ये आणि कार्यालयांत राहायला आली होती. त्या दिवसांत मदतीला गेलेल्या आम्हा शिक्षकांना भांडी, पांघरुणे, औषधे यांची यादी करणे सोपे होते, परंतु मुलांचे काय करावे हे कुणाला सुचत नव्हते. रात्री पावसाचा आवाज वाढला की लहान मुले रडत, मोठी मुले गप्प बसून राहत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही मुलांनी स्वतःच मागच्या शेडमध्ये वीटकरीच्या तुकड्याने रेषा आखून कबड्डी सुरू केली. दोन गावांची पोरे त्यांनी मुद्दाम मिसळून घेतली होती. दुपारी दोन तास तो दंगा चाले, आणि त्या दोन तासांत त्यांच्या आया प्रथमच निवांत पाठ टेकत. त्याच वर्षी अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात असा अभ्यास प्रसिद्ध झाला होता की बालपणी मोठे आघात सोसलेल्या मुलांपैकी जी सातवी ते बारावीच्या वयात सांघिक खेळ खेळली, त्यांच्यात पुढे प्रौढ वयात नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण न खेळलेल्यांपेक्षा कमी आढळले. तो मी पुष्कळ नंतर वाचला. वाचताना ती शेड डोळ्यांसमोर होती.

संघात वाटून घेता येणारी सर्वांत मोठी वस्तू म्हणजे अपयश. दुधाळीच्या मैदानावर एका संध्याकाळी सामना हरून परतणाऱ्या पोरांच्या मागून मी चालले होते. "तुझ्यामुळं गेला रं त्यो गोल," एक जण दुसऱ्याला स्पष्टच म्हणाला. दुसरा मान खाली घालून चालत राहिला. पुढच्या वळणावर तोच पहिला म्हणाला, "उद्या जरा लवकर ये की. कॉर्नरचं बॉल काढायची प्रॅक्टिस करूया दोघं." दोष सांगितला गेला, तो खोटा पुसला गेला नाही, आणि तरी उद्याचे बोलावणे आले. मोठी माणसे इतक्या कमी शब्दांत हे करू शकत नाहीत. आपण एकतर मुलाला 'काही हरकत नाही' म्हणून चुकीकडे दुर्लक्ष करतो, नाहीतर त्या चुकीवरून त्याच्या साऱ्या स्वभावाचा निवाडा करतो. संघातली मुले गोल गेला ही गोष्ट गोलापुरतीच ठेवतात. शिवाय मुले समोरासमोर बसून मन मोकळे करत नाहीत, विशेषतः मुलगे तर नाहीच. बूट बांधताना, सायकल ढकलत घरी जाताना, शेजारी शेजारी चालताना ती बोलतात, आणि संघ त्यांना अशी रोजची वाट आणि रोजची सोबत देतो.

हे सारे खरे असले तरी आपल्या शहरातला खेळ मुलांच्या मनाला नेहमी सुखाचाच असतो, असे मी म्हणणार नाही. ज्या पेठेच्या अभिमानामुळे पोराला जागा मिळते, तोच अभिमान ईर्षेला पेटला की त्या पोराच्या खांद्यावर सगळ्या पेठेचे ओझे येऊन पडते. शाहू स्टेडियमवर समर्थकांमध्ये शिवीगाळ, दगडफेक, मारामारी झाल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचल्या आहेत, आणि सामन्यानंतर मोबाईलवर चालणारी एकमेकांच्या तालमींची टिंगल तर त्याहून लांबते. चौदा-पंधरा वर्षांची मुले ती सगळी वाचतात. सोपी संधी दवडलेल्या खेळाडूचे चित्र विनोद लावून हजार ठिकाणी फिरते, तेव्हा अपयश वाटून घेतले जात नाही, ते एकाच्याच कपाळावर कोरले जाते. शालेय सामन्यांत हेच काम रेषेबाहेर उभे असलेले पालक करतात. मुलाला खेळताना बापाचा आवाज बाकीच्या सगळ्या आवाजांहून वेगळा ऐकू येतो, आणि चेंडू पायात असताना जे मूल चेंडूऐवजी रेषेकडे पाहते, त्याच्या घरी संध्याकाळी काय बोलणे होणार आहे हे कळायला फारसा अनुभव लागत नाही. ओरडणाऱ्या पालकांचे मुलांवर प्रेम नसते असे नाही. पण सामना संपल्यावर पहिला प्रश्न 'जिंकलास का' असा न येता 'भूक लागली का' असा आला, तर त्या प्रेमाचा मुलाला उपयोग होईल, एवढी विनंती मी प्रत्येक पालकसभेत करते.

याहून मोठे नुकसान आपण ज्या पद्धतीने स्पर्धा भरवतो त्या पद्धतीतून होते, आणि ते कुणाच्या नजरेस येत नाही, कारण त्यात कुणी वाईट वागत नाही. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा चढत्या पायऱ्यांनी होतात, आणि खालच्या पायऱ्यांवर त्या बहुधा बाद पद्धतीने होतात, कारण वेळ आणि मैदान दोन्ही कमी असतात. आता साधा हिशेब करावा. ३२ संघ उतरले तर पहिल्या फेरीनंतर १६ संघांचा हंगाम संपतो. त्यांनी सगळ्या वर्षात एक सामना खेळलेला असतो. आणखी ८ संघ दोन सामने खेळून घरी जातात. म्हणजे चारांपैकी तीन संघांना वर्षातून फार तर दोन सामने मिळतात. त्या संघांतही जी मुले राखीव म्हणून बसतात, त्यांना बहुतेक वेळा एकही नाही. ज्या मुलाला खेळाचा सर्वाधिक उपयोग व्हायचा, म्हणजे जे बुजरे आहे, जाडे आहे, हळू आहे, घरून दुखावलेले आहे, तेच मूल या गाळणीतून सर्वांत आधी बाहेर पडते. उरतात ती मुले, ज्यांना जागा कुठेही मिळाली असती. त्यातच या स्पर्धांत ठरावीक पातळी गाठलेल्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे वाढीव गुण मिळतात, आणि मग पालकांच्या मनात खेळण्याचे कारणच ते गुण होऊन बसतात. ते मिळण्याची शक्यता संपली की खेळही संपतो.

मुलींच्या बाबतीत तर गळती त्याहून लवकर सुरू होते. ११ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी अंग हलवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. १४६ देशांच्या माहितीवर आधारलेल्या तिच्या २०१९ मधील अहवालात जगातील ८१ टक्के मुले यात कमी पडतात असे आढळले, आणि मुलींमध्ये हे प्रमाण सुमारे ८५ टक्के होते. आमच्याकडे मुलगी सातवी-आठवीत गेली की मैदानाजवळ स्वच्छतागृह आहे का, कपडे बदलायला खोली आहे का, सराव अंधार पडण्याआधी संपतो का, या तीन प्रश्नांवर तिचा खेळ ठरतो. तिच्या आवडीवर तो ठरत नाही. आणि मैदाने तरी किती उरली आहेत? गांधी मैदानात पावसाळाभर पाणी साचते, तपोवन आणि मेरी वेदर मैदानांवर वर्षातले कितीतरी दिवस प्रदर्शनांचे मंडप असतात. जिथे मोकळी जागा आहे तिथे क्रिकेटचे मोठे गट आधीच येऊन बसलेले असतात. मुलींच्या संघाला जागा मागायला मी स्वतः गेले आहे, आणि मोठ्या पोरांनी ती दिलीही आहे. पण मागावी लागते हेच मला खुपते.

एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. खेळ हे औषध नाही. नैराश्याने किंवा तीव्र चिंतेने ग्रासलेल्या मुलाला 'ग्राऊंडवर जा, बरे वाटेल' असे सांगून पाठवणे म्हणजे ताप आलेल्याला पळायला लावण्यासारखे आहे. त्याला समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ हवा, आणि तिथे जाण्यात कमीपणा वाटून घेण्याचे काही कारण नाही. केंद्र सरकारची २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आम्ही शाळेच्या फलकावर लिहून ठेवला आहे. संघाचे काम इथे वेगळे आहे, ते म्हणजे वेळेवर लक्षात येणे. रोज येणारा मुलगा दोन आठवडे आला नाही, आला तरी त्याला खेळात गोडी उरली नाही, वारंवार डोके किंवा पोट दुखते म्हणतो, झोप लागत नाही म्हणतो, लहानसहान गोष्टींवरून भांडतो, हे घरातल्यांच्या आधी बरोबरीच्या खेळाडूंना दिसते. 'सर, तो हल्ली नीट नाही' असे येऊन सांगणारे मूल चुगली करत नाही, हे प्रत्येक प्रशिक्षकाने आपल्या संघाला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. वर्गात साठांतले एक मूल गप्प झाले तर ते शांत मूल म्हणून वाखाणले जाते. कबड्डीच्या सातांत एक गप्प झाला तर बाकीच्या सहांचा खेळ अडतो.

या साऱ्या विचारातून आमच्या शाळेत आम्ही एक छोटी व्यवस्था सुरू केली. तिचे श्रेय खेळाच्या शिक्षकांचे आहे, मी फक्त वेळापत्रक बसवून दिले. आठवी आणि नववीच्या सर्व तुकड्या मिसळून आम्ही संघ पाडतो, म्हणजे 'अ' तुकडीचे हुशार आणि 'ड' तुकडीचे दांडगट अशी विभागणी होत नाही. दर शनिवारी साखळी पद्धतीने सामने होतात, त्यामुळे हरलेला संघ पुढच्या शनिवारी पुन्हा खेळतो. यादीतील प्रत्येक मुलाने निम्मा वेळ तरी मैदानात असले पाहिजे, हा नियम कुणासाठीही मोडला जात नाही. कप्तान दर महिन्याला बदलतो. दम्याच्या मुलीने पंचाचे काम मागून घेतले आणि ती आता सर्वांत कडक पंच मानली जाते. शाळेचा मुख्य संघ वेगळा आहे आणि त्याची निवड पूर्वीसारखीच गुणवत्तेवर होते, त्याला माझा काही विरोध नाही. उत्तम खेळाडूला उत्तमांशीच खेळायला मिळाले पाहिजे. परंतु शाळेच्या नावाने एकच संघ असावा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात, ही रीत आता आम्ही सोडली आहे.

सुरुवातीला तक्रारी आल्या. चांगले खेळणारी मुले म्हणाली की कच्च्या भिडूंमुळे आम्ही हरतो. त्यांच्यापैकी काहींची ही तक्रार वर्षअखेरपर्यंत टिकली, आणि ती खोटी होती असे मी म्हणणार नाही, कारण चांगल्या खेळाडूचे हरणेही खरेच असते. पण त्यांनाच कच्च्या भिडूला शिकवायचे काम दिल्यावर बहुतेकांचा राग निवळला. एका पालकांनी विचारले की शनिवारचे हे दोन तास अभ्यासाला दिले तर काय बिघडेल. मी त्यांना हजेरीपट दाखवला: ज्या मुलांचे नाव एरवी शनिवारी गैरहजरांत असायचे, त्यातली बरीच मुले आता शनिवारी हमखास येतात.

दहावीचे मात्र अजून जमलेले नाही. जूनपासून शिकवणी, सकाळचा जादा तास, संध्याकाळचा क्लास, रविवारची चाचणी असा त्यांचा आठवडा गच्च भरतो, आणि ज्या वर्षी ताण सर्वाधिक असतो नेमक्या त्याच वर्षी संघ सुटतो. नववीपर्यंत ज्याच्या भोवती दहा मित्र होते, ते मूल दहावीत एकदम खोलीत एकटे बसते, आणि आपण त्याला 'आता गंभीर झाला' म्हणून शाबासकी देतो. येत्या जूनपासून दहावीच्या तुकड्यांनाही शनिवारच्या साखळीत घ्यावे, दिवाळीपर्यंत पूर्ण वेळ आणि त्यानंतर फेब्रुवारीपर्यंत निम्मा वेळ, असा प्रस्ताव खेळाच्या शिक्षकांनी आणि मी दिला आहे. मुख्याध्यापकांनी होकार दिला आहे. पालकांची सभा पुढच्या महिन्यात आहे, आणि तिथे पहिला प्रश्न गुणांचाच येणार याची मला खात्री असल्यामुळे मागच्या दोन वर्षांत नववीत जी मुले साखळीत नियमित खेळली त्यांची हजेरी आणि निकाल यांचा तक्ता मी सध्या तयार करते आहे. त्यात जे निघेल ते, आमच्या बाजूने असो वा नसो, पालकांसमोर जसेच्या तसे ठेवणार आहे.